दिलेल्या वेळेला जागणारी माणसे

(एचआयव्हीसह जगणाऱ्या बालकांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांविषयी, सेवाक्षेत्रातील कार्यकर्ते व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग.)



सेवाकार्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम संकटकाळ उभा राहतो. १९७२ च्या भीषण दुष्काळात महाराष्ट्रात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ जनकल्याण समितीचे काम उभे राहिले. १९९३ मध्ये किल्लारीच्या भूकंपानंतर ढिगारे उपसण्यासाठी असंख्य हात पुढे आले. पूर आला, वादळ आले, की कार्यकर्ता घरदार सोडून धावतो. समाज ते पाहतो, त्याचे कौतुक करतो, आणि ते कौतुक योग्यही आहे. परंतु पूर ओसरतो, भूकंपग्रस्तांची घरे बांधून होतात आणि धावून गेलेली माणसे आपापल्या घरी परततात. काही संकटे मात्र ओसरत नाहीत. ती रोज सकाळी ठरलेल्या वेळी आणि रोज रात्री ठरलेल्या वेळी नव्याने दारात येऊन उभी राहतात. एचआयव्हीचा विषाणू जन्मतःच शरीरात घेऊन आलेल्या बालकाच्या औषधाची वेळ हे असे न ओसरणारे संकट आहे. त्या वेळेला वर्षानुवर्षे जागणाऱ्या माणसांविषयी आज विचार करावयाचा आहे.

या मुलांविषयी बरेच बोलले जाते, त्यांच्या करुण कहाण्या छापून येतात. त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या माणसांविषयी फारसे बोलले जात नाही. संस्थापकाचे नाव कधी वृत्तपत्रात येते, कधी एखादा पुरस्कार मिळतो. पण औषधे मोजणारी मावशी, मुलांना घेऊन महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी जाणारा कार्यकर्ता, अभ्यास घेणारी ताई, स्वयंपाकघर सांभाळणारे काका ही माणसे कोण आहेत, ती का टिकतात आणि कधी कधी का टिकत नाहीत, हा प्रश्न समाजाने स्वतःला विचारावयास हवा. कारण औषध आता उपलब्ध आहे. ते देणारा हात टिकेल की नाही, हा आजचा खरा प्रश्न आहे.

अंधाराची वर्षे

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये चेन्नईत आढळला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. मात्र नव्वदच्या दशकात रुग्णाला देण्याजोगा उपचार सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हता. औषधे होती, पण त्यांची किंमत मध्यमवर्गीय घरालाही झेपणारी नव्हती. त्या काळी एखाद्या बालकाला संसर्ग झाल्याचे कळणे म्हणजे त्याचे दिवस मोजणे होते. उपचार न मिळालेल्या संसर्गित अर्भकांपैकी जवळजवळ निम्मी मुले वयाची दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच दगावतात, असे वैद्यकशास्त्र सांगते.

अशा काळात काही माणसे या मुलांसाठी घराचे दार उघडून उभी राहिली. पुण्यात विजयाताई लवाटे यांनी १९९७ मध्ये 'मानव्य' सुरू केली. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथे, डॉ. गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी १९८९ पासून चालविलेल्या 'स्नेहालय'चे काम या मुलांपर्यंत पोहोचले. पंढरपुरात मंगलताई शहा यांनी २००१ मध्ये गोठ्यात सोडून दिलेल्या दोन चिमुकल्या बहिणींना घरी आणले. त्यांना ठेवून घेण्यास कोणी तयार होईना, म्हणून स्वतःच त्यांची आई होण्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्यातूनच 'पालवी' उभी राहिली. लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी २००७ मध्ये 'सेवालय' सुरू केले. बीड जिल्ह्यातील पाली येथे दत्ता आणि संध्या बारगजे या दांपत्याने 'इन्फंट इंडिया'च्या माध्यमातून अशाच मुलांचा संसार मांडला. या सर्वांची पार्श्वभूमी वेगळी, स्वभाव वेगळे, कार्यपद्धती वेगळी. एक गोष्ट मात्र समान आहे. मूल समोर आल्यावर त्यांनी आधी त्याला उचलून घेतले, आणि त्याला ठेवायचे कुठे, पैसा आणायचा कुठून, लोक काय म्हणतील, हे सारे प्रश्न नंतर सोडविले.

त्या पहिल्या वर्षांतील कार्यकर्त्यांनी जे सोसले त्याची कल्पना करणे कठीण आहे. आजारी मुलाला रात्ररात्र मांडीवर घेऊन बसावे आणि पहाटे ते मूल जावे, असे प्रसंग या संस्थांना नवे नव्हते. नातेवाइकांना कळवूनही अनेकदा कोणी येत नसे. मग ज्याने त्या मुलाला कालपर्यंत भरविले, त्यानेच खांदा द्यावयाचा आणि अग्नीही द्यावयाचा. घरी परतल्यावर उरलेल्या मुलांच्या ताटांवर बसून, काहीच घडले नाही अशा चेहऱ्याने त्यांना जेवू घालावयाचे. कारण प्रत्येक मूल त्या चेहऱ्यावर स्वतःचे भविष्य वाचत असे.

एक स्पर्श आणि एक निर्णय

या अंधाराला छेद देणारी घटना २००३ मध्ये घडली. केरळमध्ये आईवडील गमावलेल्या, स्वतः एचआयव्हीग्रस्त असलेल्या दोन भावंडांना शाळेत बसू देण्यास इतर पालकांचा विरोध होता. तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री श्रीमती सुषमा स्वराज यांनी या मुलांची भेट घेतली आणि सर्वांसमक्ष त्यांना जवळ घेतले. देशाची आरोग्यमंत्री ज्या मुलांना कवटाळते, त्यांच्या शेजारी बसल्याने आपल्या मुलाला रोग होईल हे भय किती निराधार आहे, हे त्या एका कृतीने अनेक व्याख्यानांहून अधिक प्रभावीपणे सांगितले. त्याच वर्षी जागतिक एड्स दिनाच्या पूर्वसंध्येला त्यांनी एचआयव्हीची औषधे मोफत देण्याची घोषणा केली आणि १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांतून ती मिळू लागली. नोव्हेंबर २००६ मध्ये बालकांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. तोवर प्रौढांच्या गोळ्या मोडून, अंदाजाने तुकडे करून मुलांना देण्याची वेळ येत असे. आता बालकांच्या वजनानुसार मात्रा असलेली औषधे मिळू लागली.

येथे भारतीय औषधनिर्मितीचे श्रेय विसरता येणार नाही. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देऊ केला आणि जगभरच्या गरीब रुग्णांसाठी दार उघडले. आज आफ्रिकेतील अनेक देशांतील बालकेही भारतात तयार झालेल्या गोळ्यांवर जगतात. स्वदेशीचा याहून करुणामय आविष्कार दुसरा कोणता असू शकेल?

घड्याळाची साधना

औषध मोफत मिळू लागले, म्हणजे प्रश्न सुटला असे दूरवरून वाटते. प्रत्यक्षात कार्यकर्त्याचे खरे काम तेथून सुरू झाले.

ही औषधे विषाणूला मारून टाकीत नाहीत, त्याची वाढ रोखून धरतात. मात्रा चुकली की विषाणूला उसंत मिळते. वारंवार चुकली की तो त्या औषधाला दाद देईनासा होतो. मग दुसऱ्या फळीची, अधिक कठोर औषधे द्यावी लागतात आणि मुलासमोर अजून साठ वर्षांचे आयुष्य असताना हाताशी असलेले पर्याय कमी होत जातात. म्हणूनच ९५ टक्क्यांहून अधिक मात्रा वेळेवर गेल्या पाहिजेत, असा दंडक घालून दिला गेला. दिवसाला दोन या हिशेबाने महिन्याला साठ मात्रा होतात. त्यांपैकी तीन वा अधिक चुकल्या तर दंडक मोडला. आपल्यापैकी किती जणांनी डॉक्टरांनी दिलेला पाच दिवसांचा औषधांचा क्रम न चुकता पूर्ण केला आहे, याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा, म्हणजे या साठ मात्रांचे वजन कळेल.

आता एक नव्हे, पन्नास मुलांचे घर डोळ्यांसमोर आणावे. प्रत्येकाचे वजन वेगळे, म्हणून मात्रा वेगळी. मूल वाढते तशी मात्रा बदलते, म्हणून वजनाची नोंद नियमित हवी. एकाला क्षयरोग झालेला, त्याच्या औषधांचा दुसऱ्या औषधांशी मेळ घालावा लागतो. एका मुलीला पातळ औषध कडू लागते, ती तोंडात धरून ठेवते आणि मावशीची पाठ वळताच थुंकते. तेरा वर्षांचा एक मुलगा गोळी गादीखाली लपवितो, कारण त्याला या साऱ्याचाच कंटाळा आला आहे. गोळी गिळली की नाही हे पाहणे, ती उलटून पडली तर पुन्हा द्यावयाची की नाही हे ठरविणे, उपाशीपोटी गोळी जाऊ नये म्हणून आधी खाऊ घालणे, आणि हे करताना मुलाला आपल्यावर पाळत ठेवली जात आहे असे वाटू न देणे, यासाठी पदवी लागत नाही. पण जे लागते ते कोणत्याही विद्यापीठात मिळत नाही.

महिन्याच्या ठरलेल्या दिवशी शासकीय रुग्णालयातील एआरटी केंद्रात जावयाचे. प्रत्येक मुलाची पुस्तिका, उरलेल्या गोळ्यांची मोजदाद, रक्ततपासणीच्या तारखा सारे बरोबर न्यावयाचे. रांगेत उभे राहावयाचे. परतताना एखाद्या मुलाला एसटीत मळमळते, त्याला सांभाळावयाचे. आणि एखाद्या दिवशी अहवालात त्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडला नाही असे लिहिलेले असते, तेव्हा परीक्षेत पहिला क्रमांक आल्याचा आनंद त्या कार्यकर्त्याला होतो. त्या कागदाची चौकट करून कोणी भिंतीवर लावीत नाही. परंतु शेकडो सकाळी आणि शेकडो रात्री न चुकविल्याचे ते प्रमाणपत्र असते.

भारतीय परंपरेत साधनेचे मर्म सातत्यात सांगितले आहे. एक दिवस तीव्र तप करणाऱ्यापेक्षा रोज संध्येला बसणारा साधक थोर मानला गेला. संघाच्या शाखेतही रोज ठरलेल्या वेळी एकत्र येण्यालाच महत्त्व आहे. त्या दृष्टीने पाहिल्यास रात्री आठच्या ठोक्याला औषधाचा डबा उघडणारी मावशी ही आपल्या परंपरेतील साधकच आहे. रामकृष्ण परमहंसांनी जिवाची सेवा शिवभावाने करावी असे शिकविले आणि स्वामी विवेकानंदांनी दरिद्रनारायणाच्या पूजेचा मार्ग दाखविला. ती पूजा या घरांत रोज दोनदा होते, निरांजनाशिवाय आणि घंटेशिवाय.

चांप्याचा धडा

सेवाक्षेत्रातील कार्यकर्त्यांना रोगाला चिकटलेल्या बहिष्काराचा अनुभव नवा नाही. स्वतः कुष्ठरोगी असलेल्या सदाशिव गोविंद कात्रे यांनी १९६२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट तेथे गेले आणि त्यांनी उभे आयुष्य त्या कार्याला दिले. २०१८ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली, २०१९ मध्ये ते निवर्तले. या दोघांच्या चरित्रातून एक धडा मिळतो. १९८० च्या दशकात बहुऔषध उपचार आले आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. तरीही बऱ्या झालेल्या माणसाला आपल्या ओसरीवर बसविण्यास समाजाला पुढे कितीतरी वर्षे लागली, आणि अजूनही ते काम पूर्ण झालेले नाही. औषध शरीरापर्यंत पोहोचते, ते समाजाच्या मनापर्यंत आपोआप पोहोचत नाही. तेथवर माणसालाच जावे लागते.

एचआयव्हीच्या बाबतीत हे भय अधिक खोल आहे, कारण त्यात रोगाबरोबर चारित्र्याचा निवाडा मिसळलेला आहे. या विषयावर आपल्यासारख्यांच्या सभेत स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. संस्कार, कुटुंबव्यवस्था, संयम ही मूल्ये आपण मानतो आणि मानलीच पाहिजेत. पण मूल्य हे स्वतःच्या आचरणासाठी असते. रुग्णाच्या उशाशी बसून त्याची झडती घेण्यासाठी ते नसते. या मुलांना 'निष्पाप' म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हेतू चांगला असतो, परंतु त्या शब्दाच्या आड त्यांची आई पापी ठरते. ती आई कोण असते? बहुतेक वेळा लग्न होऊन सासरी आलेली, नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष न पाहिलेली गावाकडची सून. नवरा गेल्यावर तिलाच पांढऱ्या पायाची म्हटलेले असते. तिच्या मुलाला सांभाळणारा अनुभवी कार्यकर्ता हा रोग कसा झाला असा प्रश्न कधीच विचारीत नाही. आता काय करावयाचे, एवढेच तो विचारतो. हा त्याच्या व्यवसायाचा भाग नाही, तो त्याचा संस्कार आहे, आणि तो आपण त्याच्याकडून घेण्यासारखा आहे.

शाळा, सातबारा आणि सत्य

या घरांतील कामाचा मोठा भाग औषधांच्या बाहेरचा आहे. २००९ मध्ये हासेगावच्या मुलांच्या शाळाप्रवेशाच्या वेळी भयभीत पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली होती. अशा वेळी कार्यकर्त्याने गावाला शत्रू मानून चालत नाही. पारावर बसावे लागते, आयांना भेटावे लागते, स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने वा डास चावल्याने हा विषाणू पसरत नाही, हे शंभरदा शांतपणे सांगावे लागते. एकशे एकाव्या वेळीही आवाज चढू द्यावयाचा नसतो. कारण त्या आयांचे भयही त्यांच्या मुलांवरील प्रेमातूनच आलेले असते.

दुसरे काम तलाठी कार्यालयातील. आईवडील गेलेल्या मुलाच्या नावे चार एकर कोरडवाहू जमीन असते. हे मूल काही जगत नाही, असे गृहीत धरून वारसनोंदीतून त्याचे नाव वगळले जाते. मग कार्यकर्ता सातबारा काढतो, फेरफार तपासतो, भावकीची समजूत घालतो, वेळ पडल्यास वकिलाकडे जातो. हे मूल जगणार आहे आणि मोठे होऊन आपल्या बांधावर उभे राहणार आहे, ही श्रद्धा असल्याखेरीज एवढा खटाटोप कोणी करणार नाही. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. शिक्षण, नोकरी, निवास यांतील भेदभावाला त्याने मनाई केली आणि रुग्णाची ओळख गुप्त राखण्याचे बंधन घातले. बारा वर्षांवरील समंजस थोरल्या भावंडाला धाकट्याचा पालक म्हणून ठराविक बाबतीत मान्यताही या कायद्याने दिली. आईवडील गेल्यावर बारा-तेरा वर्षांच्या ताईने घर सांभाळल्याची उदाहरणे आपल्या खेड्यांत आहेतच. कायद्याने त्या ताईला प्रथमच ओळखले.

आणि सर्वांत अवघड काम सत्य सांगण्याचे. लहानपणी मुलाला सांगितले जाते, की तुझ्या अंगात सैनिक आहेत, ते दमू नयेत म्हणून ही गोळी. आठ-दहा वर्षांचे झाल्यावर ते विचारते, ही गोळी कधी थांबणार? शाळेतल्या मुलांना का नाही? आई कशाने गेली? या प्रश्नांची उत्तरे टाळली तर मूल ती बाहेरून, कुत्सित शब्दांत ऐकते. म्हणून वयाला झेपेल तेवढे सत्य टप्प्याटप्प्याने सांगावे लागते. ते कोण सांगणार? नव्याने आलेला समुपदेशक ते सांगू शकत नाही. ज्या व्यक्तीने त्याचा ताप उतरेपर्यंत कपाळावर पट्ट्या ठेवल्या, तिच्याच तोंडून ते ऐकण्याचे बळ मुलाला असते. सत्य कळल्यावर काही मुले रडतात, काही गप्प होतात, काही कित्येक दिवस औषध नाकारतात. त्या दिवसांत ती व्यक्ती तेथे असावीच लागते. माणसे वर्षा-दोन वर्षांत बदलत राहिली, तर प्रत्येक बदलाबरोबर मूल पुन्हा एकदा अनाथ होते.

अठरा वर्षांनंतर

ज्या मुलांचे दिवस मोजले जात होते, ती आज तरुण झाली आहेत. हे या कार्याचे सर्वांत मोठे यश आहे आणि सर्वांत नवे आव्हानही. कायद्याने बालगृहाचा निवास अठराव्या वर्षी संपतो. पुढे काही काळ अनुरक्षणाची सोय असते, पण ती सर्वांपर्यंत पोहोचत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण आणि शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले, त्याचा लाभ घेण्यासाठीही कागदपत्रे हवीत. हासेगावजवळ अठरा वर्षांवरील मुलांसाठी 'हॅपी इंडियन व्हिलेज' ही वसाहत याच विचारातून उभी राहिली.

शहरात शिकायला गेलेल्या मुलाला खोली भाड्याने हवी असते. तो गोळ्यांची बाटली कपाटात खोल दडवून ठेवतो. खोलीतला सोबती विचारील म्हणून एखाद्या रात्री गोळी टाळतो. इतकी वर्षे मावशीने न चुकविलेली वेळ अशी एका संकोचापायी चुकू लागते. आजच्या औषधांत दिवसाला एकच गोळी पुरते, हे सुदैव आहे. उपचार नियमित असला आणि विषाणुभार सातत्याने नगण्य राहिला, तर जोडीदाराला संसर्ग होत नाही. उपचाराविना मातेकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते, ते योग्य उपचाराने पाच टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे ही मुले संसार करू शकतात, निरोगी अपत्यांचे आईवडील होऊ शकतात. या संस्थांच्या अंगणांत अशा विवाहांचे मांडव पडले आहेत. ज्या हातांनी पूर्वी चिता रचल्या, त्यांनीच अक्षता टाकल्या. कार्यकर्त्याच्या जीवनात याहून मोठी फलश्रुती नाही.

कार्यकर्त्यामागे कोण?

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे आहे. पहिल्या पिढीतील कार्यकर्ते आता थकत चालले आहेत. त्यांच्या जागी येणारा तरुण कोठे आहे? ध्येयवादाने आलेला युवक दोन-तीन वर्षे राहतो. मग घरचे विचारतात, किती दिवस असे चालणार? मानधन तुटपुंजे असते. मुलगी पाहावयास गेल्यावर कामाचे ठिकाण सांगितले की पुढील बोलणी खुंटतात. मावशींच्या बाबतीत तर त्यांच्याच नात्यातील माणसे त्यांच्या हातचे पाणी घेण्यास कचरल्याचे अनुभव आहेत. त्याग ही थोर गोष्ट आहे, परंतु दुसऱ्याच्या त्यागावर निश्चिंत राहणारा समाज थोर ठरत नाही. कार्यकर्त्याच्या त्यागाचे पोवाडे गाऊन त्याच्या मुलांच्या शाळेची फी भरली जात नाही.

म्हणून येथे जमलेल्या प्रत्येक कुटुंबाने काही साध्या गोष्टींचा विचार करावा. या संस्थांना वाढदिवसाच्या दिवशी केक आणि मिष्टान्न घेऊन येणारे पुष्कळ असतात. त्या दिवशी मुलांसोबत छायाचित्रे निघतात आणि नकळत त्यांची ओळख उघड होते. त्याऐवजी दरमहा ठराविक रक्कम, कितीही लहान, आणि तीही कर्मचाऱ्यांच्या मानधनासाठी द्यावी. इमारतीला देणगीदार मिळतो, त्याचे नाव कोनशिलेवर लागते. मावशीच्या पगाराला कोनशिला नसते, म्हणून त्याला देणगीदारही नसतो. निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातील एक ठरलेला तास गणित वा इंग्रजी शिकविण्यासाठी द्यावा, आणि तो वर्षभर चुकवू नये. ज्यांचे कारखाने, दुकाने, कार्यालये आहेत त्यांनी अशा एका तरुणाला काम द्यावे आणि त्याची गोष्ट स्वतःपाशीच ठेवावी. ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे त्यांनी ती भाड्याने द्यावी. आणि आपल्या घरातील एखाद्या मुलाने वा मुलीने हे काम करण्याची इच्छा व्यक्त केली, तर निदान त्याच्या वाटेत उभे राहू नये.

२०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख व्यक्ती एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये सर्वाधिक, सुमारे चार लाख, महाराष्ट्रात आहेत. त्यांतील बालकांचे प्रमाण थोडे आहे आणि गरोदर मातांची तपासणी व उपचार नीट झाले तर ते आणखी घटेल. एक दिवस असा येईल, की या घरांत नवे मूल येणार नाही आणि औषधाचा डबा रिकामा राहील. तो दिवस आणण्यासाठीच ही माणसे झटत आहेत. जगात आपले काम संपावे म्हणून काम करणारी माणसे थोडीच असतात.

तोवर मात्र आज रात्रीही आठ वाजतील. डबा उघडला जाईल, नावे पुकारली जातील, एकेक मूल पाण्याचा पेला घेऊन पुढे येईल. त्या वेळेला जागणारा माणूस तेथे उद्याही असावा, परवाही असावा, आणखी वीस वर्षांनीही असावा, एवढी व्यवस्था करणे हे त्याचे एकट्याचे कर्तव्य नाही. ते समाज म्हणून आपणा सर्वांचे आहे. ते कर्तव्य ओळखण्याची बुद्धी आणि पार पाडण्याची शक्ती सर्वांना लाभो, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना.